रि: रि: बीएचएमएस, आरएचआयए – फीची तारीख शुक्रवार

मंडळी,
हिच्या मास्टर्सची फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे. कोर्स हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचा, काहीमची (अमेरिकेत असे कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता आहे. बीएचएमएसचं डब्ल्यूईएस मूल्यांकनही (परदेशी पदवी तिथल्या कुठल्या पदवीइतकी, ते ठरवणारं) झालंय. पुढे आरएचआयएला (रुग्णांच्या नोंदी सांभाळणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या परीक्षेला) बसता येईल ना?
– निखिल

निखिल, फी भरू नकोस. काहीम इन्फॉर्मॅटिक्सला वेगळी मान्यता देतं आणि हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटला वेगळी. आरएचआयएला मॅनेजमेंटचीच चालते. कॉलेजं नुसतं 'मान्यताप्राप्त' छापतात. काहीमच्या साइटवर प्रोग्राम डिरेक्टरी आहे, तिथे पदवीच्या नावासमोर दोन्हींपैकी कुठला प्रकार लिहिलाय ते वाच. डब्ल्यूईएसचा कागद प्रवेशापुरता.
– स्मिता

मी दरवेळी सांगतो, आधी सीपीसी करा, म्हणजे मेडिकल कोडिंगची (आजार-उपचारांना बिलासाठी कोड देण्याची) परीक्षा. १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्यांना पास, पुस्तकं उघडी ठेवून. पुस्तकं मात्र चालू वर्षाचीच घ्या. सीपीटी (उपचारांचे कोड) १ जानेवारीला बदलतं, आयसीडी-१०-सीएम (आजारांचे कोड) १ ऑक्टोबरला.
– दिलीपकाका

काका, पास झाल्यावर नावापुढे सीपीसी-ए लागतं तेही सांगा की! तो 'ए' म्हणजे शिकाऊ, आणि तिथेच अर्ज अडकतात. तो 'ए' काढून टाकायला दोन वर्षांचा अनुभव लागतो. ८० तासांच्या कोर्सचं प्रमाणपत्र एका वर्षाऐवजी धरतात, प्रॅक्टिकोड (कोडिंगचा ऑनलाइन सराव) दुसऱ्या वर्षाऐवजी. शिवाय सीपीसी मुख्यतः डॉक्टरांच्या बिलांसाठी. ॲडमिट पेशंटचं कोडिंग करायचं तर सीसीएस ही परीक्षा बघा.
– गौरी

त्यापेक्षा एपिकचं (हॉस्पिटलातल्या रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरचं) सर्टिफिकेशन का नको?
– अमोल

अमोल, ते स्वतःचे पैसे भरून मिळत नाही. एपिक वापरणारं हॉस्पिटल नोकरीवर घेऊन पाठवतं तेव्हाच. व्हॉट्सॲपवर 'एपिक शिकवून नोकरी लावतो' म्हणणाऱ्यांना चार हात लांब ठेवा.
– गौरी

मूळ प्रश्न आरएचआयएचा होता. काम कुठलं आवडेल ते वहिनींना विचार. आपल्याच बायकांचं उदाहरण घे: मधलं नाव एकदा वडिलांचं, एकदा नवऱ्याचं, की एकाच पेशंटचे दोन एमआरएन (हॉस्पिटलातले नोंद क्रमांक) तयार. कागद तपासून ते एकत्र करणं हे एचआयएमचं (हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटचं) काम. एचएल७ निरोपात (हॉस्पिटलातल्या एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला पाठवलेल्या माहितीत) पीआयडी-५ या नावाच्या रकान्यात नाव नीट जातंय का, ते बघणारा इंटरफेस ॲनालिस्ट. तिथे आरएचआयए कोणी विचारत नाही, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) विचारतात.
– स्मिता

डिरेक्टरी पाहिली. इन्फॉर्मॅटिक्सच निघालं! एचआयएमचा पर्याय आहे का ते कॉलेजला विचारतोय. काका, यंदाचं सीपीटी कोणाकडे आहे?
– निखिल

माझ्याकडे आहे. समासात हाताने लिहिलेल्या नोंदी परीक्षेत चालतात, खोचलेले सुटे कागद चालत नाहीत. ते काढून देतो.
– दिलीपकाका