चाळीस खोल्यांचे हॉटेल : शाश्वत रचनेसाठी पहिला खर्च कशावर करावा?

ओसरी (प्रश्न)

उष्ण व दमट हवामानातील, चाळीस खोल्यांच्या एका हॉटेलाचा आराखडा सध्या माझ्याकडे आहे. मालकांना इमारत ‘हरित’ हवी आहे आणि त्यांच्या यादीत दर्शनी हिरवी भिंत, गच्चीवरील सौर पॅनेल व बांबूचे फर्निचर या गोष्टी याच क्रमाने आहेत. यांपैकी कशालाच माझा विरोध नाही. मात्र हाती असलेला पैसा आधी मूळ नकाशावर खर्च व्हावा, असे मला वाटते. मधोमध बंद मार्गिका आणि दोन्ही बाजूंना खोल्या, या नेहमीच्या मांडणीऐवजी उघडी मार्गिका व तिच्या एकाच बाजूला खोल्या घेतल्या, तर प्रत्येक खोलीला आरपार वारा मिळेल. ‘चालण्याचे अंतर वाढते आणि जागा वाया जाते,’ असा मालकांचा आक्षेप आहे. हा आग्रह धरावा, की तोच पैसा यंत्रणांवर लावावा?

झरोका

आग्रह जरूर धरावा, कारण यंत्रे पंधरा-वीस वर्षांत बदलता येतात, पण मार्गिकेची जागा पुन्हा बदलता येत नाही. वास्तुकार जेफ्री बावा यांनी श्रीलंकेत डंबुल्लाजवळ उभारलेले, १९९४ साली सुरू झालेले कंदलामा हॉटेल याचे ठळक उदाहरण आहे. कड्याला बिलगून लांबवर पसरलेली ती अरुंद इमारत खांबांवर उचललेली आहे, तिच्या मार्गिका कड्याच्या बाजूने उघड्या आहेत, आणि आज तिच्यावर वेलींचे जे आच्छादन दिसते ते मुळात या रचनेमुळे शक्य झाले आहे. तुमच्या मालकांना हिरवी भिंत हवीच असेल, तर ती या मार्गाने मिळते, हे त्यांना दाखवून द्या.

खरी अडचण वाऱ्याची नसून आवाजाची आहे. पाहुणा मार्गिकेकडची खिडकी कधीच उघडी ठेवत नाही. एकांत आणि शांतता यांसाठीच तर त्याने खोली घेतलेली असते. त्यामुळे नकाशावर बाण काढून दाखवलेला आरपार वारा प्रत्यक्षात दाराशी अडतो. यावर उपाय न्हाणीघराच्या छतात आहे. न्हाणीघर मार्गिकेच्या बाजूला घेऊन त्याचे छत सव्वादोन मीटरवर थांबवावे आणि वरच्या पोकळीतून खोलीतील हवा मार्गिकेकडे सोडावी. पोकळीच्या आतून ध्वनिशोषक अस्तर लावावे, तिला मध्ये एक वळण द्यावे आणि बाहेरच्या तोंडाला जाळी व तिरप्या पट्ट्या बसवाव्यात. वळणामुळे आवाज व नजर दोन्ही अडतात, हवा मात्र जाते. पोकळी खोलीखोलीगणिक स्वतंत्र हवी, नाहीतर शेजारचे संभाषण ऐकू येईल. आगीच्या वेळी हाच मार्ग धुराचाही होतो, म्हणून अग्निशमन सल्लागाराला पहिल्याच बैठकीत सोबत घ्यावे.

पश्चिमेच्या काचेला पडद्याचा भरवसा नको. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा फक्त झगमगाट कमी करतो, उष्णता खोलीतच राहते. सावली बाहेरूनच पाडली पाहिजे. शिवाय छताचा पंखा वगळू नका. सेकंदाला एक मीटर वेगाने फिरणारी हवा अंगाला सुमारे तीन अंशांनी थंड वाटते, त्यामुळे वातानुकूलन वरच्या तापमानावर ठेवता येते.

तापमापी

झरोका यांच्याशी सहमत आहे, पण हॉटेलच्या ऊर्जावापरात गरम पाण्याचा वाटा मोठा असतो आणि तो दर्शनी चित्रात कुठेच दिसत नाही. आधी वापर कमी करावा. मिनिटाला १२ लिटर सोडणाऱ्या शॉवरऐवजी ७ लिटरचा चांगला शॉवर बसवला, तर आठ मिनिटांच्या स्नानाला ९६ ऐवजी ५६ लिटर पाणी लागते, आणि वाचलेले बहुतेक पाणी तापवलेले असते. त्यानंतर बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे हवेतील उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र, घ्यावा. तो एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो. उष्ण हवामानात त्याचा आणखी एक लाभ म्हणजे त्यातून बाहेर पडणारी थंड हवा लॉन्ड्रीत सोडता येते.

रंधा

अंतर्गत सजावटीबद्दल थोडे. इमारतीचा सांगाडा पन्नास-साठ वर्षे टिकतो, पण हॉटेलच्या खोल्या साधारण सहा-आठ वर्षांनी नव्याने सजवल्या जातात, म्हणजे त्याच भिंतींवर प्लायवुड, लॅमिनेट व गालिचे सात-आठ वेळा चढतात आणि उतरतात. बांबू वापरला म्हणून हे चक्र थांबत नाही. पलंगामागचे पॅनेल गोंदाने न चिकटवता पट्टीवर स्क्रूने बसवले, तर फक्त कापड किंवा वरचा थर बदलून खोली नवी दिसते. अमेरिकेतील न्यू हेवन शहरातले हॉटेल मार्सेल याच विचाराचे मोठे रूप आहे. वास्तुकार मार्सेल ब्रॉयर यांची १९७० सालची काँक्रीटची कार्यालयीन इमारत न पाडता, तिच्यात तीन पदरी काचा, सौर पॅनेल आणि पूर्णतः विजेवर चालणाऱ्या यंत्रणा बसवून २०२२ साली तिथे हॉटेल सुरू झाले.

ओसरी

आभार. पोकळीची सूचना आजच नकाशात घेतो. तापमापी, एक शंका आहे: एकेरी मांडणीत इमारत लांबते, म्हणजे गरम पाण्याचे वळसा घेऊन परतणारे नळही लांबतात. मग उष्णतेचा अपव्यय वाढणार नाही का?

तापमापी

वाढतो, आणि खोल्या रिकाम्या असल्या तरी तो दिवसरात्र चालू राहतो. म्हणून चाळीस खोल्यांसाठी एकच मोठे केंद्र न ठेवता दोन भागांना दोन लहान केंद्रे द्यावीत. गर्दी नसलेल्या दिवसांत व्यवस्थापक सगळे पाहुणे एकाच भागात ठेवू शकतो आणि दुसऱ्या भागाचे पाणी, वातानुकूलन व दिवे पूर्ण बंद करू शकतो. अर्धे भरलेले हॉटेल पूर्ण भरल्यासारखे चालवण्यात फार वीज जाते. प्रत्येक भागाला वेगळा वीजमापक व पाणीमापक मात्र आजच दाखवा, नंतर भिंती फोडून ते बसवायला कोणी तयार होत नाही. टाकीतील पाणी ६० अंशांवर ठेवा, कारण २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात फुफ्फुसांचा गंभीर आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. बंद ठेवलेला भाग पुन्हा सुरू करताना त्यातील साचलेले पाणी आधी पूर्ण वाहू द्यावे लागेल, हे देखभालीच्या वहीत स्पष्ट लिहून ठेवा.