बुर्ज सोडून दुबईत काय बघायचं? (बी विंगचा ग्रुप, रविवार दुपार)

वैशाली, बी-७०४: एक विचारायचं होतं. २० डिसेंबरला सहा दिवस दुबईला चाललोय. आम्ही दोघं, अर्णव आणि सासूबाई. बुर्ज खलिफा, मॉल, कारंजं मागच्या वेळी झालंय. जरा वेगळं काही असेल तर सांगा ना.

नितीन, बी-२०१: डेझर्ट सफारी!! 🐪

शुभांगी काकू, बी-५०३: नितीन, गप्प बस. मागच्या वर्षी त्या सफारीवाल्याने वाळूच्या टेकड्यांवरून गाडी अशी उडवली की ह्यांनी सकाळी खाल्लेलं सगळं पिशवीत. आल्यावर मी पंधरा दिवस कंबर शेकत होते. सासूबाईंना अजिबात नेऊ नकोस गं.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

देशपांडे काका, बी-१०२: वैशाली, मी दुबईच्या देरा भागात अकरा वर्षं काढली, एका दुकानाचे हिशेब लिहीत. माझं ऐकशील तर पहिली संध्याकाळ खाडीवर घालव. अलीकडच्या बर दुबईच्या धक्क्यावरून पलीकडे देऱ्याला लाकडी होडी जाते, तिला अब्रा म्हणतात. भाडं एक दिरहम, म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. मधोमध लांब बाक, त्यावर पाठीला पाठ लावून वीसेक माणसं बसतात. नावाडी मधल्या खड्ड्यात. होडी सुटली की चालवता चालवताच तो हात पुढे करतो, नाणी हातोहात त्याच्यापर्यंत पोचतात. पाच-सात मिनिटांत पलीकडे. शेजारी कोण असेल सांगता येत नाही, केरळचा सुतार, पेशावरचा टॅक्सीवाला, फिलिपिनो नर्स. शुक्रवारी सुट्टी असली की मी उगाच दोन-तीन फेऱ्या मारायचो.

नितीन, बी-२०१: काका, एवढं भाऊच्या धक्क्यावरही मिळतं 😄

देशपांडे काका, बी-१०२: मिळतं की. म्हणूनच तिथे परकं वाटायचं नाही. देऱ्याला उतरल्यावर सगळे सोन्याच्या बाजाराकडे पळतात. तू धक्क्याने सरळ चालत जा. अजूनही लाकडी गलबतं लागलेली दिसतील, इराणला जाणारी. फ्रिज, टायर, गाद्या, खोक्यांच्या थप्प्या उघड्यावर पडलेल्या असतात, राखण करणारा कोणी दिसत नाही. आणि एक गंमत. १९६६ पर्यंत तिथे रुपयाच चालायचा. आधी आपला नेहमीचाच, मग १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा काढला तो. ६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्यांनी तो सोडला. दिरहम १९७३ चा.

वैशाली, बी-७०४: अय्या, हे माहीतच नव्हतं! सासूबाईंना वाचून दाखवते.

मृण्मयी, बी-६०१: वैशाली ताई, अल फहिदीत जा. खाडीच्या अलीकडेच आहे, बर दुबईत. जुनी घरं, अरुंद बोळ आणि बऱ्याच घरांवर चौकोनी मनोरा. तो चारही बाजूंनी उघडा असतो, जिकडून वारा येईल तिकडून पकडून खाली खोलीत सोडतो. एसी यायच्या आधीचा एसी. मी एका मनोऱ्याच्या बरोबर खाली उभी राहिले तर केस उडत होते, बाहेर बोळात पान हलत नव्हतं. आर्किटेक्चरला असताना हे फक्त आकृतीत बघितलं होतं.

मृण्मयी, बी-६०१: तिथेच एका सांस्कृतिक केंद्रात जमिनीवर बसून अमिराती जेवण असतं. यजमान स्थानिक असतात आणि त्यांना काहीही विचारा म्हणतात. आमच्या वेळी एकाने लग्नाचा खर्च कोण करतो ते विचारलं 😅 आधी बुकिंग करावं लागतं. शाकाहाराचं आधीच बोलून घ्या.

नितीन, बी-२०१: फ्लेमिंगो पण आहेत तिकडे. रास अल खोर अभयारण्यात. फुकट.

शुभांगी काकू, बी-५०३: विमानाचं तिकीट काढून फ्लेमिंगो?? ऐरोलीला जा की. आमच्या गच्चीवरून दिसतात.

नितीन, बी-२०१: काकू, तिथे पक्ष्यांच्या मागे बुर्ज खलिफा येतो फोटोत. तुमच्या गच्चीवरून मागे टॉवर क्रेन येते.

अर्णवचे बाबा, बी-७०४: अर्णव म्हणतो त्याला उंटांची शर्यत बघायचीय, त्यात रोबो असतात म्हणे. खरं का?

देशपांडे काका, बी-१०२: खरं आहे. अल मरमूमला, शहराबाहेर अल ऐनच्या रस्त्यावर. पूर्वी उंटावर लहान पोरं बसवायची, गरीब देशांतून आणलेली. त्यावरून जगभर फार ओरड झाली, कायद्याने बंद झालं आणि २००५ च्या सुमारास रोबो आले. रोबो म्हणजे काय, पाठीवर बांधलेलं छोटंसं गाठोडं आणि त्याला फिरणारा चाबूक. खरी मजा ट्रॅकच्या बाजूला. मालक मोठमोठ्या गाड्यांतून उंटांच्या बरोबरीने धावतात, एका हाताने रिमोट दाबत आणि वॉकीटॉकीवरून उंटाला ओरडत. उंटापेक्षा गाड्यांकडेच बघावं. शर्यती हिवाळ्यात, अगदी सकाळी असतात. दिवस आधी विचारून घ्या.

मृण्मयी, बी-६०१: आणि एक दिवस अबुधाबी होणार असेल तर ससाण्यांचं हॉस्पिटल! १९९९ पासून आहे. वेटिंग रूममध्ये ससाणे ओळीने बसलेले, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या, आपल्या दवाखान्यात पेशंट बसतात तसे शांत. नखं कापायला भूल देतात. तुटलेलं पीस असेल तर तसंच दुसरं शोधून जोडतात. ससाण्यांना पासपोर्टही असतो. माझा नूतनीकरणाला अडकला होता तेव्हा फार वाईट वाटलं.

वैशाली, बी-७०४: हे नक्की करणार 😂 सासूबाई शारजाच्या भाचीसाठी अनारसे आणि गोडा मसाला नेणार आहेत. चालेल ना?

देशपांडे काका, बी-१०२: थांब थांब. अनारशाला खसखस असते ना? आणि मसाल्यातही? तिकडे खसखशीला बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. विमानतळावर उघडं पडलं तर फार निस्तरावं लागेल. विड्याची पानंही नकोत.

शुभांगी काकू, बी-५०३: खसखस?? अमली??

देशपांडे काका, बी-१०२: हो वहिनी. हसू नका, मी माणसं अडकलेली पाहिली आहेत.

वैशाली, बी-७०४: सासूबाई म्हणतात अनारसे इथेच खाऊन टाकू, भाचीला चकल्या नेऊ. पीठ आत्ताच दळायला काढतायत.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा.

सेक्रेटरी: बाय द वे ती ससाण्याच्या हॉस्पिटलची लिंक पाठवा.

वैशाली, बी-७०४: काका, सासूबाईंचा शेवटचा प्रश्न. त्या होडीत उतरताना गुडघा किती वाकवावा लागतो?

देशपांडे काका, बी-१०२: होडी धक्क्याला घासून लागते, पण हलत असते. अर्णवच्या बाबांनी आधी उतरायचं आणि हात द्यायचा. आत गेल्यावर कडेच्या टोकाला बसवा, उठायला सोपं पडतं.

वैशाली, बी-७०४: म्हणतायत, मग दोन फेऱ्या मारू.