प्रति: क्रिएटिनिनच्या आधी पेशी सांगतील का?

सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात ती अवस्था) बसलेली वडिलांची किडनी परत सुरू होईल का, हे रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरून आधी कळतं का, असं तुम्ही विचारलंय. दिशा बरोबर आहे, पण नुसत्या त्यावर भिस्त ठेवू नका.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला स्नायूंचा कचरा, मुळात मागून येतं. किडनीला मार बसल्यावर ते चढायला दिवस-दोन दिवस लागतात. शिवाय आयसीयूत स्नायू झिजले की आकडा फसवा कमी दिसतो. म्हणून पेशींकडे लक्ष गेलं. मोनोसाइट या पांढऱ्या पेशीवरचं एचएलए-डीआर हे प्रथिन खालीच राहिलं तर प्रतिकारशक्ती थकलीय असं समजतात. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीवरचं सीडी-६४ हे प्रथिन चढलं तर जंतुसंसर्गाची शंका बळावते. दोन्हीला फ्लो सायटोमेट्री (लेझरने एकेक पेशी तपासणारी चाचणी) लागते. किडनी सावरण्याचा अंदाज त्यांवरून बांधणं अजून संशोधनाच्या पातळीवर आहे.

ओझरचे माझे मामा पायाची जखम चिघळून नाशिकला ११ दिवस आयसीयूत होते. मामी बाहेरच्या बाकावर बसून नर्सने सांगितलेला लघवीचा आकडा वहीत लिहायची. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली हवी. सलग ६ तास त्याहून कमी म्हणजे किडनीला इजा धरतात. मामांची लघवी आधी वाढली, क्रिएटिनिन नंतर उतरलं. तेव्हा तुमच्या वडिलांच्या लघवीचा हिशोब रोज विचाराच.

आणि घरी आल्यावर ३ महिन्यांनी क्रिएटिनिन व लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने अजिबात देऊ नका.