लायबेरियाचं सैन्य नवं कोरं झालं, पण पोलीस ठाण्यातल्या डिझेलचं काय?

कोरडा_पाषाण

काल इथे 'मोडलेल्या देशात सैन्य कसं उभारावं' अशा थाटाची एक पोस्ट येऊन गेली. सार एवढंच: पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाने यादवी युद्ध संपवणाऱ्या २००३ च्या अक्रा करारानंतर जुनं सैन्य झाडून सगळं बरखास्त केलं, डायनकॉर्प या अमेरिकी कंपनीकडून २,००० जणांचं नवं सैन्य बनवून घेतलं, तेव्हापासून बंड नाही, सबब माली-बुर्किना फासोनेही हेच करावं. त्याखाली नुसता टाळ्यांचा कडकडाट. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

सैन्य शून्यातून उभारायची चैन परवडली, कारण तेवढा काळ राखण करायला यूएनचे १५,००० सैनिक मंजूर होते. मिशन सुरू झालं ऑक्टोबर २००३ ला, गेलं मार्च २०१८ ला. सुरक्षेची पूर्ण जबाबदारी सरकारच्या हाती आली ती थेट ३० जून २०१६ ला. मालीने २०२३ मध्ये यूएनला बाहेरचा रस्ता दाखवला. तिथे आज सैन्य बरखास्त केलं तर उद्या सकाळी सरहद्दीवर उभं कोण राहणार?

२,००० हा आकडाही धोका मोजून काढलेला नाही. सुरुवातीला ४,००० चं बोलणं होतं. दरमहा पगार किती जणांचा निघेल, यावर तो निम्मा झाला.

भरती मात्र नीट केली, ते मान्य. लेखी चाचणी, शारीरिक, वैद्यकीय, आणि मग उमेदवारांचे फोटो जाहीर लावले: याने युद्धात काही केलं असेल तर येऊन सांगा. हे उत्तमच. पण पैसा आटल्यावर ११ आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण ८ वर आणलं, तेव्हा गाळलं काय? मानवी हक्क आणि नागरिकशास्त्राचे तीन आठवडे. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये इबोलाच्या वेळी राजधानी मन्रोव्हियातल्या वेस्ट पॉइंट वस्तीला वेढा घालायला हेच सैन्य पाठवलं. जमाव अंगावर आला, गोळ्या सुटल्या, १५ वर्षांचा मुलगा गेला. गर्दी कशी हाताळायची हे सैनिकाला शिकवलेलंच नव्हतं आणि ज्यांचं ते काम, त्या पोलिसांच्या गाडीत तेल नव्हतं. माझं म्हणणं इतकंच आहे: पैसा आणि लक्ष सैन्यावर गेलं, लोकांचा रोजचा संबंध पोलिसांशी होता.

सह्याद्रीकर

साफ असहमत. जुनं सैन्य ठेवलं असतं तर? ते आधीचे राष्ट्राध्यक्ष डो यांनी आपल्याच क्राह्न जमातीची भरती करून सडवलेलं, वर बंडखोरीतून राष्ट्राध्यक्ष झालेल्या टेलरच्या टोळ्या चिकटलेल्या. त्यातले कोण निवडणार होतात?

शेजारच्या सिएरा लिओनने ठेवलं. इंग्रजांनी जुन्या सैन्यातच आरयूएफ बंडखोरांचे आणि सरकारच्या बाजूने लढलेल्या कामाजोर टोळ्यांचे दोन हजारांवर माजी लढवय्ये मुरवले, अधिकारी नेमून तेरा वर्षं देखरेख केली. सगळे वाहवा करत होते. २६ नोव्हेंबर २०२३ ला फ्रीटाऊनमध्ये काय झालं? विल्बरफोर्स बराकीवर हल्ला, पदेम्बा रोडचा तुरुंग फोडून कैदी मोकळे, आणि आरोपींत आजी-माजी सैनिक. त्याच महिन्यात लायबेरियात राष्ट्राध्यक्ष वीआ निवडणुकीत बोआकाईंकडून एक-सव्वा टक्क्याने हरले आणि निमूट घरी गेले. सैन्य बराकीतून हललं नाही. दोन शेजारी, एकच महिना. यापेक्षा स्वच्छ तुलना कुठून आणू?

भेदक

दोघेही दुसऱ्या मजल्यावर भांडताय. पाया निःशस्त्रीकरणाचा होता, आणि तो कसा घातला ते बघा.

७ डिसेंबर २००३, लढवय्यांची शस्त्रं जमा करायची छावणी कॅम्प शिफेलिन. सोय हजारेक माणसांची, आले कित्येक पट. यूएनचं सैन्य निम्मंही उतरलं नव्हतं, तरी दात्यांना दाखवायला तारीख गाठली. पैसे हातात लगेच मिळणार नाहीत म्हटल्यावर दंगल, मन्रोव्हियात लूट, माणसं मेली. दहा-बारा दिवसांत गाशा गुंडाळला, तो उघडला थेट एप्रिल २००४ ला.

आणि पात्रतेची अट काय, तर एक बंदूक किंवा १५० काडतुसं. मिळणार ३०० डॉलर, दोन हप्त्यांत. आता तुम्ही टोळीचे कमांडर आहात, दारूगोळ्याची पेटी तुमच्याकडे आहे. काय कराल? पेटी फोडायची, दीड-दीडशेचे वाटे करायचे, पुतण्या-मेहुण्यांच्या हाती देऊन रांगेत उभं करायचं, हप्त्यातून आपला वाटा घ्यायचा. अंदाज ३८,००० लढवय्यांचा होता, नोंद झाली १,०३,००० च्या आसपास. बंदुका जमा झाल्या सुमारे २८,०००. भागाकार करा. मग पुनर्वसनाचा पैसा पुरला नाही, आणि खरे लढवय्ये गथरीच्या रबर मळ्यात ठाण मांडून २००६ पर्यंत रबराचा चीक विकत बसले. सैन्य आधी की पोलीस आधी, हा वाद नंतर घाला.

तिरंगा_७१

एवढे मोठे प्रतिसाद आणि एकालाही भारत आठवला नाही? जानेवारी २००७ मध्ये आपल्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी मन्रोव्हियात उतरली. यूएनच्या इतिहासातली पहिली सर्वमहिला पोलीस तुकडी, कमांडर सीमा धुंडिया. २०१६ मध्ये परत आली तेव्हा यूएननेच सांगितलं की सुरक्षा क्षेत्रात बायकांचं प्रमाण ६ वरून १७ टक्क्यांवर गेलं. डायनकॉर्पला पैसे मोजावे लागले, आपण नुसतं उभं राहून बदल घडवला.

वसुधा_ना

तिरंगा, अभिमान मलाही आहे, पण हे '६ वरून १७' दर वेळी आलं की डोकं उठतं. तुकडीच्या कामाची यादी बघा: जमाव पांगवणं, काँगो टाऊन भागात रात्रीची गस्त, राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय असलेल्या परराष्ट्र खात्याच्या इमारतीवर पहारा. शिकवण्याचं काम यूएनच्या सुट्या पोलीस अधिकाऱ्यांचं, ते वेगळे. तुकडी दर वर्षी बदलणारी. ती तपास शिकवत नव्हती, भरतीही करत नव्हती.

आकडा हलला तो २० टक्क्यांच्या धोरणाने. बारावी झालेल्या मुली मिळेनात, म्हणून काही महिन्यांचा जलद अभ्यासक्रम काढून प्रमाणपत्रं दिली आणि अकादमीत घातल्या. परिणाम? फिर्याद लिहिता येईना. अहवाल कच्चा, म्हणून बढती नाही, म्हणून वरच्या हुद्द्यावर बाई नाही. संख्या वर, अधिकार खाली.

तिरंगा_७१

म्हणजे आपल्या पोरींनी नऊ वर्षं तिथे काहीच केलं नाही म्हणा ना सरळ! काही लोकांना भारताचं कौतुक पचतच नाही. रात्री बाईला रस्त्यावर वर्दीतली बाई दिसणं याला किंमत नाही?

वसुधा_ना

किंमत आहे, ती मी नाकारली कुठे? गस्तीचा रस्ता सुरक्षित झाला, शाळेला मदत झाली, हे खरं. पण तक्रार पुढे कशी जाते ते पाहा. बलात्काराची फिर्याद महिला व बालक संरक्षण विभागात (२००५ पासूनचा) नोंदायची. मग वैद्यकीय दाखला. मग आरोपीला आणायला गाडी. मग खटला, त्यासाठी खास न्यायालय, ते तेव्हा मन्रोव्हियात. दूरच्या लोफा परगण्यातल्या मुलीचे साक्षीदार राजधानीत कोण आणणार, कोणाच्या भाड्याने? साखळी तिसऱ्या-चौथ्या कडीला तुटते. पहिल्या कडीवर कितीही चकचकीत वर्दी उभी करा.

जुना_खेळाडू

तिरंगासाहेब, भारताचाच विषय काढायचा तर पूर्ण काढा. २००० मध्ये सिएरा लिओनला आपले जनरल जेटली यूएनचे सेनापती होते. आपले २०० वर जवान कैलाहून या गावी आरयूएफच्या वेढ्यात अडकले, जुलैत ऑपरेशन खुकरी करून सोडवावे लागले. मग जेटलींचं नायजेरियन अधिकाऱ्यांवर हिऱ्यांच्या अवैध धंद्याचे आरोप करणारं पत्र फुटलं आणि भारताने सैन्यच मागे घेतलं. पाहुण्यांच्या भरवशावर सुरक्षा उभारली की पाहुण्यांची भांडणंही पदरात पडतात, हे कोरडा_पाषाण यांच्या मुद्द्यात बसतं. तुमच्या मुद्द्यात नाही.

तिरंगा_७१

बरं बाबा. तुम्ही सगळे मोठे, मी भक्त. १७ टक्के आकाशातून पडले.

कोरडा_पाषाण

महिला तुकडीने धागा गिळला, असो. मूळ मुद्द्यावर येतो.

सह्याद्रीकर, तुमची नोव्हेंबर २०२३ ची तुलना चपखल आहे, दात-ओठ खाऊन मान्य. पण तिला शेपूट आहे. फेब्रुवारी २०२४, नवं सरकार बसून महिनाही झाला नव्हता. सैनिकांच्या बायकांनी रस्ते अडवले: पगार तुटपुंजा, पेन्शनचा पत्ता नाही, बराकीत वीज नाही. सैन्यदिनाचा सोहळा रद्द झाला, संरक्षणमंत्री प्रिन्स जॉन्सन तिसरे यांनी राजीनामा दिला. हे तुमचं छाननी करून घेतलेलं सैन्य. कंत्राटात भरती होती, प्रशिक्षण होतं, बराकी बांधणं होतं. दहा वर्षांनी त्या बराकीचा जनरेटर कोण चालवणार, ही ओळ कंत्राटात नसते.

पोलिसांचंही तेच. मध्य लायबेरियातल्या ग्बारंगाला २०१३ मध्ये न्याय-सुरक्षा केंद्र उघडलं. इमारत, बराकी, गाड्या. अशी पाच ठरली होती. इमारतीचा पैसा यूएनच्या शांतता निधीचा, चालवायचा खर्च सरकारचा. सरकारने मन्रोव्हियातून इंधनाचा कोटा पाठवायचा, तो उशिरा आणि अर्धा. म्हणून फिर्यादीलाच सांगायचे, गाडीचं तेल भर म्हणजे आरोपीला आणतो. त्यात साधा पोलीस निःशस्त्र, बंदुका पोलिसांच्या खास दलांकडेच, आणि त्याही यूएनच्या शस्त्रबंदीच्या नियमांतून. ती बंदी उठली मे २०१६ ला, यूएनने जबाबदारी सोडायच्या तोंडावर.

सह्याद्रीकर

बायका रस्त्यावर आल्या आणि मंत्री गेला. नवऱ्यांनी मात्र शस्त्रागार फोडलं नाही! मालीत २०१२ ला हेच गाऱ्हाणं, पुरवठा नाही, दारूगोळा नाही, आणि राजधानीजवळच्या काटीच्या बराकीतून निघालेल्या सैनिकांनी सरकार उलथवलं. याला मी यश म्हणतो, तुम्ही शेपूट म्हणा.

डिझेलचं मान्य. एवढंच.

भेदक

आणि दीडशे काडतुसांचं?

सह्याद्रीकर

ते भयानकच होतं. पण एक सांगा, अट फक्त बंदुकीची ठेवली असती तर ओझी वाहणारी, स्वयंपाकाला आणि बिछान्याला पळवून नेलेली मुलं-मुली रांगेत आली असती का? टोळीत त्यांच्या हाती बंदूक कधी दिलीच नव्हती.

वसुधा_ना

त्यांना बंदुकीशिवायही घेता येतं असा नियम कागदावर होताच, बाई आणि मूल म्हणून. पण टोळीतले कोण याची यादी कमांडरच द्यायचा, त्यामुळे ज्यांचा हप्ता कापून मिळेल तीच नावं आधी यायची. दोष काडतुसाच्या आकड्याइतकाच त्या यादीचा आहे. यूएनने ती तपासायला गावागणिक माणसं ठेवली असती तर खर्च किती आला असता, हे भेदक, तुम्ही मांडून दाखवा. मग बोलू.