मदत हवी आहे : मांजरीचे लहान पिल्लू वाळूच्या घमेल्यात जातच नाही

गोडोलीकर
नमस्कार. आम्ही साताऱ्यात गोडोली भागात राहतो. पाच दिवसांपूर्वी भर पावसात आमच्या गाडीच्या शेडमध्ये, जुन्या टायरच्या आत, मांजरीचे एक पिल्लू ओरडत होते. दिवसभर वाट पाहूनही त्याची आई फिरकली नाही, म्हणून संध्याकाळी त्याला घरात घेतले. पिल्लू चलाख आहे, आवाज खणखणीत आहे, परंतु त्याला ठरलेल्या जागी शी-शू करण्याची सवय कशी लावावी हे मला कळेनासे झाले आहे. व्हरांड्यात वाळूने भरलेले घमेले ठेवले असूनही त्याने आतापर्यंत देवघराचा कोपरा, पायपुसणे आणि काल तर इस्त्रीला काढून ठेवलेल्या कपड्यांचा गठ्ठा पसंत केला. शनिवारपर्यंत सवय लागली नाही तर पिल्लू घराबाहेर जाईल, असे सासूबाईंनी स्पष्ट सांगितले आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. 'मांजर पाळूच नका' हा सल्ला नको, तो मला घरातच भरपूर मिळतो आहे.

माचीपेठेची माई
ताई, पिल्लू लहान म्हणजे किती लहान, हे आपण लिहिलेच नाही. तीन आठवड्यांचे पिल्लू आणि आठ आठवड्यांचे पिल्लू यांच्यात तान्हे बाळ आणि शाळेत जाणारे मूल यांच्याइतके अंतर असते. त्याचे वजन किती आहे, डोळ्यांचा रंग कोणता आहे, दात आले आहेत का, आपण त्याला काय पाजता, शी कशी होते आणि घमेल्याची उंची किती आहे, एवढे कळवा. त्याशिवाय कोणी काहीही सांगितले तरी तो अंधारात मारलेला खडा ठरेल.

आनेवाडी टोलनाका
एवढ्या चौकश्यांची आवश्यकता नाही. आमच्या गावाकडच्या घरात कायम चार-पाच मांजरे असत. जिथे घाण केली तिथे नाक टेकवायचे, एक हलकी चापट द्यायची आणि उचलून राखेच्या ढिगावर ठेवायचे, एवढेच माझी आजी करत असे. दोन दिवसांत पिल्लू वळणावर येते.

माचीपेठेची माई
पिल्लू वळणावर येत नाही, ते घाबरते. झालेली शी आणि बसलेली चापट यांचा संबंध त्याला जोडता येत नाही. माणूस जवळ असताना बसले की मार मिळतो, एवढेच ते शिकते, आणि मग कपाटामागे किंवा पलंगाखाली लपून बसू लागते. आपल्या आजीची मांजरे शिकली ती राखेच्या ढिगामुळे. मऊ, कोरड्या जागी उकरून झाकून ठेवणे हा मांजराचा उपजत स्वभाव आहे आणि ती राख त्याच्या सोयीची होती.

गोडोलीकर
वय मी कसे सांगणार? पिल्लाबरोबर जन्माचा दाखला आलेला नव्हता. डोळे उघडे आणि निळसर आहेत, कान उभे आहेत, पुढचे बारीक दात बोटाला जाणवतात आणि सुळे नुकतेच टोचू लागले आहेत. चालताना थोडे झोकांडते, पण पळते. घरी येणारे गाईचेच दूध अर्धे पाणी घालून, मांडीवर उताणे धरून ड्रॉपरने पाजते. शी पातळ आणि पिवळसर होते. माझा प्रश्न मात्र जागेच्या सवयीचा होता, दुधाचा नव्हता.

शिरवळचा जुना विद्यार्थी
आपला प्रश्न जागेचा असला तरी उत्तर बऱ्याच अंशी दुधातच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना अशी पिल्ले खोक्यांतून आमच्याकडे येत, आणि त्यांतील बहुतेकांची कहाणी गाईच्या दुधापासूनच सुरू होत असे.

पुढचे दात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, त्यामुळे आपले पिल्लू अंदाजे चार आठवड्यांचे असावे. या वयाचे निरोगी पिल्लू साधारण 350 ते 450 ग्रॅम भरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाटी ठेवून रोज एकाच वेळी वजन करा. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ अपेक्षित असते, आणि वजन स्थिर राहिले किंवा घटले तर शनिवारची वाट पाहू नका.

गाईच्या दुधातील लॅक्टोज ही साखर अशा पिल्लांना सहसा सोसत नाही आणि जुलाब होतात. मांजरीच्या दुधाच्या मानाने गाईच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश कमी असतात, त्यात आपण निम्मे पाणी घालता, म्हणजे पोट भरते पण पोषण मिळत नाही. पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी आणा, तिच्या डब्यावर दिलेल्या प्रमाणातच कोमट पाण्यात कालवा आणि सध्या दर पाच-सहा तासांनी पाजा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला उताणे धरून पाजणे आजपासून बंद करा. मांजरीला पिताना पिल्लू पोटावरच असते. उताण्या पिल्लाचे दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अंग थंड लागत असेल तर आधी त्याला ऊब द्या आणि मगच पाजा, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. साताऱ्याच्या पावसाळी हवेत पंच्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडल्यास त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येते.

आता जागेविषयी. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते, आणि आई नसेल तर आपल्याला ओल्या कोमट कापसाने ते करावे लागते. आपले पिल्लू त्या टप्प्यातून नुकतेच बाहेर पडले आहे. त्यात त्याला जुलाब होत आहेत. त्याने देवघर मुद्दाम निवडलेले नाही, व्हरांड्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे काम होऊन जाते.

माणदेशी
डबाबंद भुकटीच्या मागे का लागता? आमच्या माण तालुक्यात आई नसलेले कोणतेही पिल्लू शेळीच्या दुधावर वाढते. ते हलके असते आणि बाधत नाही.

शिरवळचा जुना विद्यार्थी
शेळीच्या दुधातही लॅक्टोज असतेच, आणि गाईच्या तुलनेत ते फारसे कमी नसते. केवळ त्याच दुधावर मांजरीचे पिल्लू नीट पोसत नाही. रात्री दुकाने बंद असताना एखादी वेळ निभावण्यापुरते ते चालेल, याबद्दल माझा वाद नाही.

माणदेशी
पुस्तके वाचून जनावरे वाढत नाहीत, एवढेच म्हणतो.

कास पठार
पिल्लू तिरंगी असेल तर ती भाटीच असणार, हे लक्षात ठेवा. तिरंगी बोका क्वचितच आढळतो. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली लस द्यावी, बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची द्यावी, आणि चार-पाच महिन्यांची झाल्यावर नसबंदीविषयी पशुवैद्यांशी बोलावे, अन्यथा पुढच्या पावसाळ्यात तुमच्या शेडमध्ये पाच टायर लागतील.

गोडोलीकर
पिल्लू तिरंगी नाही, करडे आहे, आणि नसबंदीचे मी विचारलेले नव्हते. भुकटीसाठी भाच्याला पुण्याहून आणायला सांगितले आहे. उताणे धरणे बंद केले. माईंनी घमेल्याची उंची विचारली होती, ती सुमारे वीतभर असेल. वाळू शेजारच्या बांधकामावरून आणली आहे, झड येते त्यामुळे ती थोडी ओलसर असते. घाण केलेली जागा मात्र मी प्रत्येक वेळी फिनेलने स्वच्छ पुसते, त्यामुळे वास राहत असेल असे वाटत नाही.

माचीपेठेची माई
उंची याचसाठी विचारली होती. ताई, जे पिल्लू स्वतःच वीतभर आहे, त्याने वीतभर उंचीच्या काठावरून चढून ओल्या, खरखरीत वाळूत बसावे, अशी आपली अपेक्षा आहे. आपल्याला कोणी कमरेइतक्या भिंतीपलीकडचा संडास दिला असता तर आपणही पायपुसणेच बघितले असते.

घमेले बाजूला ठेवा. बुटांच्या किंवा मिठाईच्या खोक्याचे झाकण घेऊन त्याला प्लास्टिक गुंडाळा, किंवा जुनी पसरट परात घ्या. काठ दोन-तीन बोटांपेक्षा उंच नको. त्यात कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्यांचे लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी वाळूऐवजी पसरायचा थर, बोटभर पसरा. ओले झाल्यावर गोळा होणारे, बेंटोनाइट मातीचे लिटर एवढ्यात आणू नका, कारण या वयाची पिल्ले प्रत्येक वस्तू तोंडात घालतात आणि ती माती पोटात जाऊन फुगते. सध्या संपूर्ण घर त्याच्यासाठी मोकळे ठेवू नका. एकाच लहान खोलीत एका कोपऱ्यात अंथरूण, समोरच्या कोपऱ्यात झाकण, आणि खाण्याची वाटी झाकणापासून लांब, अशी मांडणी करा. झोपेतून उठल्यावर आणि पाजल्यानंतर दर वेळी त्याला अलगद उचलून झाकणात ठेवा. त्याचा पंजा धरून उकरायला लावू नका, हवे तर आपणच बोटाने थोडे खरवडून दाखवा. त्याच्या शूने भिजलेला कापसाचा एक बोळा झाकणात राहू द्या, म्हणजे वासावरून जागा ओळखता येईल.

आता फिनेलविषयी. मांजराच्या यकृताला फिनॉल वर्गातील रसायने नीट विघटित करता येत नाहीत. पिल्लू त्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते. डेटॉलचेही तेच आहे. साबणाच्या पाण्याने पुसा, नंतर पाणी घातलेल्या व्हिनेगरचा बोळा फिरवा. जैविक विकरे (एन्झाइम) असलेला सफाईचा द्रव मिळाला तर उत्तमच. फिनेलचा वास आपल्या नाकाला स्वच्छतेचा वाटतो, पण त्याखालचा शूचा वास मांजराला कळतो आणि ते पुन्हा तिथेच जाते.

आनेवाडी टोलनाका
आमच्या घरात चाळीस वर्षे फिनेल वापरले गेले. एकही मांजर दगावले नाही.

माचीपेठेची माई
आपली मांजरे माळ्यावर, गोठ्यात आणि राखेत राहत होती, फिनेलने पुसलेल्या फरशीवर नव्हे. शिवाय त्यांतील किती पिल्ले मोठी झाली याचा हिशेब कोणी ठेवला होता का?

शिरवळचा जुना विद्यार्थी
माईंच्या सांगण्याला एकच जोड देतो. दूध बदलून एक-दोन दिवसांत जुलाब थांबले नाहीत, किंवा पिल्लू मलूल झाले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या, कारण एवढ्याशा जिवातील पाणी फार लवकर आटते. जंतांचे औषध या वयात द्यावेच लागते, पण ते वजनावर ठरते, म्हणून घरातले काहीही अंदाजाने देऊ नका. विशेषतः पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. अंगावर पिसवा दिसल्या तर बारीक फणीने काढाव्यात. कुत्र्यांच्या पावडरींपैकी ज्यांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते त्या मांजराच्या जिवावर बेततात.

गोडोलीकर
चार दिवसांनी लिहिते आहे. पशुवैद्यांकडे जाऊन आले. वजन 340 ग्रॅम भरले, जंतांचे औषध दिले, वय त्यांनीही चार आठवडेच सांगितले. भुकटी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली आणि आज वजन 375 आहे. सुक्या मेव्याच्या खोक्याचे झाकण न्हाणीघराच्या कोपऱ्यात ठेवले आहे. काल पाच वेळांपैकी तीन वेळा ते झाकणात बसले, एकदा झाकणाच्या अगदी शेजारी आणि एकदा माझ्या परकरावर. सासूबाईंनी शनिवारची मुदत बुधवारपर्यंत वाढवली आहे, मात्र फिनेलची बाटली त्यांनी अद्याप माझ्या ताब्यात दिलेली नाही. आता नवीनच अडचण अशी आहे की पिल्लू ते कागदाचे लिटर खाते. काय करावे? कृपया लवकर कळवावे.

माचीपेठेची माई
गिळते की नुसते चघळून टाकते? दिवसातून किती वेळा? आणि दुधाबरोबर भिजवलेले खाणे आपण सुरू केले आहे का, हे याही वेळी आपण लिहिलेले नाही.