मेल सर्व्हर बसला तर किती वेळात परत येईल? साहेबांना काय उत्तर देऊ?

हिंगणा_आयटी
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमची कंपनी आहे, ऐंशीच्या आसपास मेलबॉक्स. मेल घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, लोकांना मेलबॉक्स दाखवायला डोव्हकॉट, मेल मेलडिर नावाच्या साठवणीत. रोज रात्री आरसिंक हे कॉपी करणारं साधन डिलीटचा पर्याय लावून त्याच खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यावर) कॉपी घेतं. मध्यंतरी खरेदी विभागातल्या ताईंचं पुरवठादारांचं अख्खं फोल्डर उडालं. लक्षात येईपर्यंत तीन आठवडे गेले, तोवर नॅसवरूनही ते पुसलं गेलेलं. त्यात उन्हाळ्यात लाइन गेली की सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो आणि एसी बंद. बाहेर ४५ अंश असताना डिस्कच्या कप्प्याला हात लावला तर चटका बसतो. साहेब विचारतात, सर्व्हरच गेला तर मेल कधी सुरू होतील? मला त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे.

बुटीबोरी_मेलवाला
भाऊ, तुमच्याकडे आहे तो आरसा. इकडे पुसलं की रात्री तिकडेही पुसलं जातं. बॅकअपमध्ये मागच्या तारखा हव्यात. रेस्टिक किंवा बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्रॅम लावा: ३० दिवस रोजची प्रत, वर्षभर महिन्याची. बदललेलंच साठवलं जातं, त्यामुळे जागा फार लागत नाही. सकाळी आलेला आणि दुपारी उडवलेला मेल रात्रीच्या बॅकअपला दिसतच नाही. त्यासाठी डोव्हकॉटचं लेझी एक्सपंज प्लगइन सुरू करा, ते पुसलेले मेल लगेच न काढता बाजूला ठेवतं.

आता साहेबांचा प्रश्न. सर्व्हर बंद असताना येणारे मेल लगेच हरवत नाहीत, पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबतात. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस प्रयत्न करतं, मायक्रोसॉफ्टची मेलसेवा एक्स्चेंज ऑनलाइन मात्र एकच दिवस. म्हणून आधी रिकामा सर्व्हर उभा करून मेल घेणं सुरू करा, जुने मेल मागाहून भरा. त्यासाठी मेलइतकंच जपायचं ते म्हणजे पोस्टफिक्स आणि डोव्हकॉटची सेटिंग, यूजर आणि पासवर्डचा डेटाबेस, सर्टिफिकेट, डीकेआयएमची (जाणाऱ्या मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली. हे सगळं मिळून काही एमबी भरतं, पण बऱ्याच बॅकअपमध्ये नेमकं हेच नसतं.

एक सांभाळा: रिकाम्या सर्व्हरवर आयमॅप, म्हणजे आउटलुकसारख्या प्रोग्रॅमना मेलबॉक्स दाखवणारी सोय, उघडू नका. आउटलुक जोडलं गेलं की सर्व्हरवर काही नाही असं समजून आपल्याकडची साठवलेली प्रतही काढून टाकतं. जुने मेल भरेपर्यंत फक्त एसएमटीपी, म्हणजे बाहेरून मेल घेणारी बाजू, चालू ठेवा.

बर्डी_नेटवर्क
वरच्याला दुजोरा. भर एवढीच की कॉपी बॅकअपच्या मशीनने ओढून घ्यावी, मेल सर्व्हरने ढकलू नये. मेल सर्व्हरवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर बॅकअप पुसायची किल्ली तिथे सापडता कामा नये. आणि दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. एकाच तापलेल्या खोलीत दोन्ही असतील तर दोन्ही एकदमच जातील.

हिंगणा_आयटी
नागपुरात बर्डीवर आमचं छोटं ऑफिस आहे, प्रत तिथे ठेवता येईल. पण ५०० जीबी आहेत, इंटरनेटची लाइन १०० एमबीपीएसची. भागाकार केला तर अकरा-बारा तास होतात. साहेबांना हेच सांगू?

बुटीबोरी_मेलवाला
नका सांगू. मेलडिरमध्ये एकेक मेल म्हणजे एकेक फाइल. लाखो बारीक फाइली लिहायला डिस्कलाच वेळ लागतो, लाइनचा हिशोब तिथे चालत नाही. एखाद्या रविवारी जुना पीसी घ्या, सर्वांत जड मेलबॉक्स त्यावर परत आणा आणि घड्याळ लावा. डोव्हकॉटच्या यूआयडीलिस्ट फाइली (मेलच्या क्रमांकांची यादी) सोबत आल्यात ना, फाइलींची मालकी बरोबर आहे ना, हेही बघा. त्या फाइली नसल्या तर प्रत्येकाचं आउटलुक सगळे मेल नव्याने उतरवत बसतं आणि पॉपवाल्यांना (मेल आपल्या पीसीवर उतरवून घेणाऱ्यांना) जुने मेल दुबार येतात.

साहेबांना दोन वेगळे आकडे द्या, नवे मेल कधी येऊ लागतील आणि जुने कधी दिसतील. नवे मेल एका दिवसाच्या आत घ्यायलाच हवेत. भरताना शेवटच्या ३० दिवसांचे मेल आधी, बाकीचे मागून. खरेदी आणि अकाउंट्सच्या पेट्या सगळ्यांत पुढे ठेवा.

आणि एसी जनरेटरवर घ्यायला लावा. तोवर तापमान वाढलं की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल असं करून ठेवा.