शब्दचर्चा: 'अमेझिंग ग्रेस' मराठीत – करंटा, पतित की कष्टी?

नगरची
३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेसाठी 'अमेझिंग ग्रेस' हे इंग्रजी ख्रिस्ती गीत मराठीत करतेय. 'सेव्ह्ड अ रेच लाइक मी' इथेच अडले. 'रेच' म्हणजे दयनीय, हीन माणूस; तशा मला देवानं वाचवलं, असा अर्थ. 'पापी' चालीत बसतो, पण दर रविवारी म्हणून म्हणून तो बोथट झालाय. मी 'करंटा' लिहिलं. गायकवृंदातल्या एका काकांनी ते खोडून 'पतित' केलं. त्यांच्या मते करंटा म्हणजे नुसता कमनशिबी, त्यात पाप कुठे आलं?

जुनी पोथी
काकांना दासबोध दाखवा. १९व्या दशकात करंटलक्षणाचा अख्खा समास आहे. समर्थांच्या करंट्याला आळस आवडतो, यत्न नावडतो, अधर्माकडे ओढा असतो. नशिबानं त्याचं काही हिरावलेलं नाही, त्यानंच घालवलंय. पण समर्थ त्याला 'ही लक्षणं सोड' असं सांगू शकतात. तुमच्या गाण्यातला माणूस आपणहून काही सोडू शकत नाही, त्याला कुणीतरी ओढून काढलंय. तेवढ्यापुरता 'करंटा' तोकडा पडतो.

पैलतीर
'पतित' मात्र नकोच. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्या काळात ख्रिस्ती झालेल्यालाच पतित म्हणत. परत जातीत घेण्याला 'पतितपरावर्तन' हा शब्द होता. प्रभूकडे आल्यावर जो शब्द आपल्या माणसांवर फेकला गेला, तो प्रभूकडे येण्याआधीच्या आयुष्याला कसा लावायचा?
शिवाय आपल्या बायबलात शब्द आहेच. रोमकरांस पत्र, सातवा अध्याय: 'किती मी कष्टी माणूस!' इंग्रजीत तिथे 'रेचेड' आहे.

नगरची
'पतित'चं पटलं. पण 'कष्टी' आज कोण त्या अर्थानं घेतं? पाहुणे लवकर निघाले तरी आम्ही कष्टी होतो.

वसईकर
मूळ घोळ पुढच्या शब्दात आहे. 'सेव्ह्ड'ला तुम्ही 'तारण झालं' म्हणणार ना? बँकेत घर तारण ठेवतात! आम्ही कॅथलिक 'मुक्तिदाता' म्हणतो, ते स्वच्छ आहे.

पैलतीर
व्यवहारात एक अर्थ आला म्हणून भक्तीतला शब्द टाकायचा? 'तारण' तृ धातूचं, म्हणजे पार नेणं. मला तर 'उतराई होणे' हेही नदीघाटावरचंच वाटतं. हिंदीत नावाड्याच्या भाड्याला उतराई म्हणतात, आणि रामाला गंगेपार नेणारा केवट ती घेत नाही. पार उतरवलं आणि मोबदला घेतला नाही, कृपा याहून वेगळी काय? म्हणून मी साक्ष देताना, म्हणजे मंडळीपुढे (चर्चच्या लोकांपुढे) आपला विश्वासाचा अनुभव सांगताना, 'प्रभूचा उतराई होईन' असं कधीच म्हणत नाही. उपकारस्तुती करतो. फेडायला निघालो तर ते दान राहत नाही.

जुनी पोथी
धातू ठीक. उतराईची व्युत्पत्ती मात्र कोशात बघितल्याशिवाय मानणार नाही.

शेवगावकर
करंटाच ठेवा. माझे आजोबा दारूच्या भट्टीवर राबायचे आणि मजुरी तिथेच पिऊन यायचे. त्यांची आई त्यांना 'करंट्या' म्हणूनच हाक मारायची. पुढे मंडळीत आले, तरी दर वर्षअखेरीला साक्षीला उभे राहिले की टोपी काढून हातात धरायचे आणि म्हणायचे, 'ज्या करंट्याला आईनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्याला प्रभूनं पंगतीला बसवलं.' आईचा शब्द त्यांनी जपून ठेवला होता. तो गाळला असता, तर उपकार कशाचे मानतोय हेच कुणाला कळलं नसतं.

वाचनवेडा
आजोबांसाठी शब्द खरा आहे. पण हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन गुलामांच्या जहाजावरचा माणूस. माणसांना बेड्या घालून समुद्रापार विकायला नेणारा करंटा? 'पातकी' म्हणा. आणि १७४८च्या वादळात त्यानं देवाचा धावा केला, तरी १७५४पर्यंत तो त्याच धंद्यात कप्तान होता. विश्वासाआधीचं आयुष्य एका रात्रीत संपलं, असं त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही. गुलामीविरुद्ध त्यानं जाहीरपणे लिहिलं ते १७८८ साली.

पैलतीर
म्हणूनच तर हे गीत उपकाराचं आहे. न्यूटन पुढे इंग्लंडमधल्या ओल्नी गावात पाद्री झाला; तिथे १ जानेवारी १७७३ला ते पहिल्यांदा म्हटलं गेलं असं मानतात. त्या दिवशीचा बायबलमधला उतारा दाविद राजाच्या प्रार्थनेचा होता: मी कोण, माझं घराणं काय, की तू मला येथवर आणलंस. 'येथवर' म्हणताना मागचं सगळं आलं, वादळानंतरची वर्षंसुद्धा. आणि ओल्नीच्या त्या मंडळीत लेस विणून पोट भरणाऱ्या बायकाही होत्या. जहाजाचा कप्तान आणि लेस विणणारी, दोघांच्या तोंडी बसेल असा शब्द हवा.

नगरची
मग 'करंटा' तिथेच अडतो. आमच्या गायकवृंदात बायकाच जास्त. त्यांनी 'करंटी' म्हणायचं आणि पुरुषांनी 'करंटा', तेही एकाच सुरावर? पापी, पातकी, कष्टी तिन्ही दोघांना चालतात. शनिवारी 'पातकी' घालून एकदा गाऊन बघते.

वसईकर
'तारण'चं काय ठरलं पण?